इंटिरिअर डिझाइन शिकताय? मग कॉलेजमध्येच धंद्याचा हिशोब शिका



इंटिरिअर डिझाइनचा कोर्स करून स्वतःचं काम सुरू करायचं, असं ठरवणारे आपल्यात बरेच जण आहेत. व्हिडिओमध्ये आपण कोर्सचे प्रकार पाहिले. आज वही-पेन घेऊन बसा, कारण आज हिशोब आहे.

आधी एक कायद्याची गोष्ट

स्वतःला 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायचं असेल, तर १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंदणी लागते. इंटिरिअर डिझायनरला अशी सक्तीची नोंदणी नाही. म्हणजे तुमच्या गल्लीतला अनुभवी सुतारसुद्धा उद्या 'इंटिरिअर'ची पाटी लावू शकतो. नुसत्या सर्टिफिकेटवर गिऱ्हाईक येणार नाही. मग दोन-तीन वर्षं आणि घरच्यांचे पैसे कशासाठी घालायचे? सुताराला जे जमत नाही ते शिकण्यासाठी: मापात ड्रॉइंग काढणं, जागेचं नियोजन, उजेड, रंग, मटेरिअलची पारख आणि कामाचा लेखी अंदाज. हा शेवटचा विषय मुलं सर्वात कंटाळून करतात, आणि धंदा नेमका तिथेच बुडतो.

एका कपाटाचा हिशोब

समजा, ७ फूट उंच, ६ फूट रुंद आणि २ फूट खोल कपाट करायचंय. मध्ये एक उभं पार्टिशन, सहा फळ्या, चार दारं. समोरून मोजलं तर ७ × ६ = ४२ चौरस फूट. सुताराची मजुरी बरेचदा याच मापावर ठरते. पण प्लाय किती लागेल?

- दोन बाजू: ७ × २ × २ = २८
- वर आणि खाली: ६ × २ × २ = २४
- मधलं पार्टिशन: ७ × २ = १४
- सहा फळ्या: ३ × २ × ६ = ३६
- दारं: ७ × ६ = ४२

एकूण १४४ चौरस फूट, आणि पाठीमागचा पातळ प्लाय वेगळाच. ८ × ४ चं एक शीट म्हणजे ३२ चौरस फूट. १४४ भागिले ३२, उत्तर आलं साडेचार. म्हणजे पाच शीट आणायची, बरोबर?

चूक. आता कागदावर ८ × ४ चे चौकोन काढा आणि हे तुकडे त्यात बसवून बघा. सात फुटी तुकडा कापला की एक फूट उरतो, तो फळीला चालत नाही. दीड फुटाची दोन दारं शेजारी बसवली की एक फुटाची पट्टी वाया जाते. कितीही फिरवून बघा, सहा शीट लागतात. सहाव्यातला बराच तुकडा उरेल, तो ड्रॉवरला वापरता येईल, पण पैसे पूर्ण शीटचे जातात.

तुम्ही साडेचारवर कोटेशन दिलं असेल, तर दीड शीटचा खर्च तुमच्या खिशातून. एका फ्लॅटमध्ये अशी तीन कपाटं असली की साडेचार शीट गेली! वर्षभर राबून हातात काही का राहत नाही, ते आता कळलं ना?

कोटेशनमध्ये काय लिहायचं?

नुसतं 'चांगला प्लाय' लिहू नका. साधा प्लाय आयएस ३०३ या मानकात येतो, पाण्यात टिकणारा मरीन प्लाय आयएस ७१० मध्ये. सिंकखालच्या कपाटाला कोणता, बेडरूमला कोणता, जाडी किती, सनमायका कोणता, बिजागऱ्या किती, हे सगळं लिहा. याच यादीला आपल्या धंद्यात बीओक्यू म्हणतात. लिहिलेलं असलं की गिऱ्हाईक दोन कोटेशन नीट तोलून बघू शकतं, आणि मागाहून वाद होत नाही.

डिझाइनची फी वेगळी दाखवा. 'डिझाइन फुकट' म्हणून दुकानदाराकडून गुपचूप कमिशन घ्यायची वाट सोपी वाटते, पण गिऱ्हाईकाला ते कळलं की पुढची ओळख मिळत नाही. आणि हा धंदा ओळखीवरच चालतो.

जीएसटीचंही लक्षात ठेवा. महाराष्ट्रात सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. सामानासकट काम घेतलं तर उलाढालीत फक्त तुमची फी नाही, सामानासकट पूर्ण बिल धरतात. दोन-तीन मोठ्या फ्लॅटमध्येच ही मर्यादा गाठली जाऊ शकते.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजात विचारा

१. कोर्सला मान्यता कोणाची? तंत्रशिक्षण मंडळाची, विद्यापीठाची, की फक्त संस्थेचं सर्टिफिकेट?
२. एस्टिमेशन हा वेगळा विषय आहे का?
३. चालू साइटवर किती वेळा नेता?
४. शिकवणाऱ्यांपैकी स्वतः कामं घेणारे किती?

उत्तरं गोल गोल आली, तर फी भरण्याआधी अजून एक कॉलेज बघा.

या आठवड्याचा गृहपाठ

घरातलं एक कपाट टेपने मोजा. वरच्यासारखी यादी करा, मग तुकडे शीटवर बसवा. जवळच्या प्लायच्या दुकानातून आजचा भाव विचारा आणि एकूण खर्च काढा. नंतर ओळखीच्या मिस्त्रीकाकांना तोच आकडा विचारा. दोन्हींत फरक पडला तर तो कुठून आला ते शोधा. हे शोधणं जमलं, की समजा तुमचं शिक्षण सुरू झालं.

पुढच्या भागात बघू, ॲडव्हान्स किती घ्यायचा आणि पैशांचे टप्पे कसे पाडायचे. भेटूया!