आधी घर, मग इंग्रजी

गेल्या एप्रिलमध्ये ओळखीच्या एका ताईंचा फोन आला. आवाज रडवेला. "सिस्टर, पोरगी चोरी करते हो. उशीखाली पोळ्या सापडल्या." पोरगी साडेपाच वर्षांची, शिशुगृहातून दत्तक आलेली. घरी येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते.

ही चोरी नव्हे. संस्थेत जेवण ठरलेल्या वेळी आणि ठरलेलंच मिळतं. या घरातला डबा उद्याही भरलेला असेल, यावर मुलाचा विश्वास बसायला महिने लागतात. रागवू नका. फुटाणे, केळं, बिस्किटं एका डब्यात घालून तिच्या हाताशी ठेवा, न विचारता खाऊ द्या. त्या ताईंनी तसंच केलं. दोन महिन्यांत पोळ्या लपवणं थांबलं.

थोडं मोठं होऊन घरी आलेलं मूल कधी पुन्हा अंथरूण ओलं करतं, तर कधी पहिल्याच दिवशी कुणाही पाहुण्याच्या गळ्यात पडतं. लोक म्हणतात, "किती लवकर रमली!" ते रमणं नसतं, आपलं कोण आणि परकं कोण हे तिला अजून उमगलेलं नसतं. म्हणून पहिले काही आठवडे भरवणं, न्हाऊ घालणं, झोपवणं आईवडिलांनीच करावं. विहारात नेऊन सगळ्यांना दाखवायचीही घाई नको. आणि नाव शक्यतो बदलू नका. तिचं स्वतःचं म्हणून तेवढंच तर सोबत आलेलं असतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, इंग्रजी माध्यमाची. इंग्रजीची किंमत आपल्या वस्तीत कुणाला सांगायला नको. पण घरातही सगळे इंग्रजीच बोलू लागले आणि मुलगी गप्प झाली. नवी भाषा कानावर पडू लागली की काही मुलं कित्येक महिने बोलत नाहीत, नुसती ऐकतात. त्याने घाबरू नये. मात्र "पोटात दुखतंय", "भीती वाटते" हे सांगायला तिच्याकडे मराठी हवीच. माया आणि रागावणं मराठीत राहू द्या. इंग्रजी रोजच्या कामातून येऊ द्या: आंघोळीच्या वेळी सोप, बकेट, टॉवेल; रात्री चित्रांचं एकच पुस्तक आठवडाभर. ती चुकली तर टोकू नका, तेच वाक्य आपण नीट म्हणा. पाहुण्यांसमोर पोएम म्हणायला लावणं तर बंदच करा.

शाळेने 'स्लो' असा शेरा दिला, तेव्हा मी म्हटलं, आधी कान तपासा. सर्दी वारंवार होत होती, कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेलं निघालं. ऐकूच कमी येत असेल तर इंग्रजी काय आणि मराठी काय! खरं तर ऐकणं, नजर, दात, हिमोग्लोबिन, जंत, राहिलेल्या लशी हे सगळं पहिल्या महिन्यातच तपासून घ्यावं. संस्थेने दिलेला वैद्यकीय अहवाल डॉक्टरांना जरूर दाखवा.

कारामार्फत दत्तक घेतलं की दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाहणी होते. त्या दिवशी लोक घर आवरतात, मुलाला नवे कपडे घालतात आणि "सगळं छान" म्हणून मोकळे होतात. पोरगी परत नेतील, ही भीती पोटात असते. पण पाहणी मदतीसाठीच आहे. झोप येत नाही, शाळेत जमत नाही, तुमचाच धीर सुटतोय, जे असेल ते त्या कार्यकर्तीला मोकळेपणाने सांगा आणि समुपदेशन मागून घ्या.