भेटायला जाल तेव्हा पांघरूण बाजूला करून पाहा

दसऱ्याच्या सुट्टीत पुण्या-बेळगावहून म्हैसूरला येणाऱ्यांपैकी काहींचे आई-वडील इथल्या वृद्धनिवासात असतात. जंबू सवारीची मिरवणूक बघायची, रात्री बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत बघायची आणि मध्ये तासभर आईला भेटून यायचं. त्या एका तासाबद्दल आज लिहिते आहे.

भेटीला गेलं की आपण खोली बघतो, जेवणाची चौकशी करतो, फोटो काढतो. माकडहाड आणि टाचा मात्र कुणी बघत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची निगा कशी चालली आहे, हे तिथेच कळतं.

हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दाबलं गेलं की तिथला रक्तपुरवठा तुटतो. आपण झोपेतही नकळत कूस बदलतो. पक्षाघात, खुब्याचं फ्रॅक्चर किंवा स्मृतिभ्रंश असलेल्यांना ते जमत नाही आणि काही तासांतच इजा सुरू होते. ती बरेचदा हाडाजवळ, आतून सुरू होते. त्यामुळे वर रुपयाएवढी दिसणारी जखम आत तळहाताएवढी असू शकते. त्यात ओला डायपर तासन्‌तास तसाच राहिला तर कातडी भिजून आणखी नाजूक होते.

तर सिस्टरला सोबत घ्या, दार लोटून घ्या, आईला विचारा आणि तिला कुशीवर वळवा. माकडहाडावर लाल डाग दिसला तर बोटाने दोन-तीन सेकंद दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर दाब हटवल्यावर तो जाईल. दाबूनही लालच राहिला, तर ती जखमेची पहिली पायरी. आपल्या सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हात लावून बघा: आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागतं का, हात लावताच ती कण्हते का. जांभळट डाग असेल तर आतली इजा दोन-तीन दिवसांपूर्वीचीही असू शकते. म्हणूनच हॉस्पिटलमधून निवासात आणताना कातडी तपासून तारखेसकट नोंद करून घ्या. नंतर कुणावरही उगाच आळ येत नाही.

टाचा गादीला टेकलेल्या नकोत. पोटरीखाली उशी अशी ठेवायची की टाचेखालून हात आरपार गेला पाहिजे. पाण्याने भरलेले हातमोजे टाचेखाली ठेवण्याची पद्धत अजून दिसते. ती बंद करायला सांगा. मध्ये भोक असलेली रबरी रिंगही नको, तिच्या कडेने दाब आणखी वाढतो. लाल जागा चोळू नका. टीव्ही बघण्यासाठी पलंगाचं डोकं फार उंच केलं की माणूस खाली घसरतो, मग काखेत हात घालून त्याला वर ओढतात आणि त्या ओढाताणीत कातडी सोलवटते. डोकं शक्यतो तीस अंशांच्या वर नको. वर सरकवायचं तर दोघांनी खालच्या चादरीसकट उचलून.

हवेची गादी घेतली म्हणून कूस बदलणं सुटत नाही. साधारण दर दोन तासांनी ते व्हायलाच हवं, रात्रीसुद्धा. कूस बदलल्याच्या नोंदींचा तक्ता मागून बघा. कागदावर ‘डावी कूस’ लिहिलंय आणि आई उताणी झोपली आहे, असं असेल तर तिथेच बोला. रात्री किती माणसं ड्यूटीवर असतात तेही विचारा. दसऱ्याला राजवाड्यापासून सयाजीराव रस्त्याने बन्नीमंटपापर्यंत वाहतूक बंद असते. त्या दिवशी निगा राखणाऱ्या मावशी वेळेवर पोचणार कशा, याचं उत्तर आधीच घ्या.

स्मृतिभ्रंशात बरेचदा नंतर शिकलेली भाषा आधी निसटते आणि मराठी तेवढी उरते, ती इथल्या कानडी मावशींना कळत नाही. ‘दुखतंय’, ‘तहान’, ‘लघवी’, ‘कूस’ हे शब्द कन्नड लिपीत, अर्थासकट लिहून पलंगाशी चिकटवा.

जखम भरायला प्रथिनं लागतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सव्वा ते दीड ग्रॅम, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला साधारण बासष्ट ते पंचाहत्तर ग्रॅम. नुसत्या मऊ भातावर आणि सारावर ती मिळत नाहीत. घट्ट डाळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

प्रत्येक जखम हलगर्जीपणाची नसते. अखेरच्या दिवसांत शरीरच साथ सोडतं तेव्हा उत्तम शुश्रूषेतही कातडी फाटते. पण रोज अंग पुसणाऱ्याला जखम दिसली आणि घरच्यांना ती हाडापर्यंत गेल्यावर कळली, तर त्याला मी हलगर्जीपणाच म्हणेन. निवासाला तसं लेखी कळवा, जखमेचे तारखेसह फोटो ठेवा. दाद लागली नाही तर ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा.

काळी पडलेली कातडी, दुर्गंधी, पू, ताप किंवा अचानक आलेली गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर मलमपट्टीवर भागवू नका. जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. महात्मा गांधी रस्त्यावर जेएसएस हॉस्पिटल आहे, शहराच्या मध्यात के. आर. हॉस्पिटल आहे. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, परतीचं तिकीट पुढे ढकलावं लागलं तरी.