🐟 माहितीचा कोपरा : आपल्या खडपातला हेकरू



इंदूरला नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपल्या एका सभासदाच्या मुलाने विचारलं, "मोबाईलवर रॉकफिश दिसतो, तो आपल्याकडे लागतो का?" प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देतो.

खरा रॉकफिश आपल्या दर्यात नाही. त्याच्या 100 हून जास्त जाती आहेत आणि बहुतेक उत्तर पॅसिफिकच्या थंड पाण्यात राहतात. तो अंडी न घालता थेट बारीक पिल्लं सोडतो. काही जाती तर 100 वर्षांपेक्षा जास्त जगतात. त्याच्या नात्यातले विषारी काट्यांचे मासे मात्र आपल्या खडपात आहेत. ते दगडासारखेच दिसतात. काटा लागला तर सोसेल एवढ्या गरम पाण्यात हात धरा आणि लगेच दवाखाना गाठा.

आपल्याकडे खडपाचा मासा म्हणजे हेकरू, कुणी गोब्रा म्हणतात. तो बांगड्यासारखा थव्याने फिरत नाही. आपलं बीळ, आपली कपार धरून बसतो. खेकडा, माकूल, लहान मासा जवळ आला की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. काही जातींची पिल्लं खाडीत, कांदळवनात वाढतात आणि मोठी झाली की बाहेर खडपाला जातात. म्हणजे खाडी बुजली, कांदळ तुटलं, तर बाहेरचं खडपही रिकामं होणार.

आता मुद्द्याची गोष्ट. हेकरूच्या बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो, मोठा झाल्यावर त्यातले काही नर होतात. म्हणून एका खडपावरचे सगळे मोठे मासे आपण काढले तर नरच उरत नाहीत आणि लहान काढले तर उद्याच्या माद्या जातात. शिवाय हा मासा सावकाश वाढतो. आपल्या वाडवडिलांनी किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून शोधलेली खडपं आज जीपीएसवर कुणालाही सापडतात. एकाच जागी रोज गळ टाकला तर ती जागा बसते.

मालवणला 1987 साली सागरी अभयारण्य झालं, तेही याच खडपांमुळे आणि प्रवाळांमुळे. विजयदुर्गपासून सुमारे 100 किमी बाहेर आंग्रिया बँक आहे. तिथे खोल समुद्रातून उंचवटा वर येतो आणि त्यावर प्रवाळ आहे.

तांडेल आणि नाखवा मंडळींना विनंती :

▪️ खडपं आळीपाळीने धरा, एकाच जागेच्या मागे लागू नका.
▪️ लहान हेकरू जिवंत असेल तर लगेच सोडा. खोलातून आलेल्याचं पोट फुगतं, तो तरंगत राहतो. त्याला टोचू नका, वजन लावलेल्या दोरीने खाली पोचवा.
▪️ खडपात अडकलेलं जाळं जमेल तेवढं काढून आणा. तुटलेलं जाळं मासे मारतच राहतं.
▪️ 2023 मध्ये राज्य शासनाने 54 जातींसाठी किमान आकार ठरवला आहे. पापलेट 135 मिमी, सुरमई 370 मिमी. त्यापेक्षा लहान मासा धरू नका, विकूही नका.

1 जून ते 31 जुलै होड्या वर असतात, तेवढीच विश्रांती दर्याला मिळते. बाकीचे दहा महिने खडप राखणं आपल्याच हातात आहे.

तुमच्या भागात हेकरूला काय म्हणतात आणि पूर्वी केवढा लागायचा, ते खाली लिहा. जुन्या जाणत्यांना विचारून लिहिलंत तर अजून बरं.

आपला,
सचिव 🙏