आकाशाला टांगलेली गाडी

श्रावणातला कुठलाही रविवार घ्या. मंचर, कळंब, नारायणगाव, आळेफाटा करत माळशेजकडे जाणाऱ्या गाड्यांच्या रांगेत एखादी तरी जमिनीला पोट टेकवून चालणारी स्पोर्ट्स कार असतेच. गतिरोधक आला की ती तिरकी होते, एकेक चाक वर चढवते, मागचा टोमॅटोचा पिकअपवाला हॉर्न वाजवतो आणि टपरीवरचं पब्लिक म्हणतं, "एवढी कोटीची गाडी, आन् चाललीय बघ कशी!" आतल्या माणसाचं काय होत असेल ह्याचा मात्र कोणी विचार करत नाही. आम्हाला करावा लागला, कारण आमच्या फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषयच तो होता.

विषय असा. ह्या गाड्यांमध्ये इलेक्ट्रॉनिक डॅम्पर असतात आणि त्यांना हुकूम देणारा एक कंट्रोलर असतो, साधारण वहीएवढा डबा. स्प्रिंग तीच, डॅम्पर तेच, टायर तेच ठेवून फक्त हा डबा बदलला, तर गाडी आरामदायक होईल का? परदेशात पोर्शे ९११, निस्सान जीटी-आर अशा गाड्यांसाठी बदली कंट्रोलर विकत मिळतात आणि लोक ते बसवतात. आमच्या ग्रुपमध्ये स्पोर्ट्स कार कोणाकडे नाही. एक स्प्लेंडर आहे, तीही एकाच्या चुलत भावाची. पण गणिताला गाडी लागत नाही, एक चाक आणि त्यावरचं वजन पुरतं. त्याला क्वार्टर कार मॉडेल म्हणतात.

आधी दुखणं समजून घेऊ. एका चाकावर ३५० किलो वजन आणि साध्या फॅमिली कारची ३० हजार न्यूटन प्रति मीटरची स्प्रिंग धरली, तर बॉडीची नैसर्गिक वारंवारता येते सुमारे १.५ हर्ट्झ. स्पोर्ट्स कारची स्प्रिंग दुप्पट कडक, ६० हजार धरा, तर ती जाते २.१ वर. फरक फार वाटत नाही ना? आता व्हायब्रेशनच्या पुस्तकातला ट्रान्समिसिबिलिटीचा तो ग्राफ आठवा, जो आपण सगळे परीक्षेत डोळे मिटून काढतो. डॅम्पिंग कितीही असो, सगळे वक्र एका बिंदूतून जातात: नैसर्गिक वारंवारतेच्या वर्गमूळ दोन पट. त्या बिंदूच्या डावीकडे डॅम्पिंग जास्त असेल तेवढं चांगलं. उजवीकडे नेमकं उलट, डॅम्पिंग जितकं जास्त तितका हादरा वर पोचतो.

आपल्या स्पोर्ट्स कारसाठी हा बिंदू येतो ३ हर्ट्झच्या जवळ. आणि बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या हादऱ्यांना सगळ्यात जास्त वैतागतं ते साधारण ४ ते ८ हर्ट्झमध्ये. आयएसओ २६३१ ह्या मानकातला भारांकही इथेच वर चढतो. म्हणजे कंपनीने वळणावर गाडी झोके खाऊ नये म्हणून डॅम्पर कडक केला, की तो मणक्याला त्रास देणाऱ्या पट्ट्यातच रस्ता वर पाठवतो. मऊ केला तर गाडी होडीसारखी डुलते. साध्या डॅम्परला ह्यातून सुटका नाही. मधला कुठला तरी आकडा पकडायचा आणि गप्प बसायचं.

सुटकेचा रस्ता १९७४ साली डीन कार्नोप, क्रॉस्बी आणि हारवूड ह्या तिघांच्या पेपरात आला. त्यांची कल्पना ऐकायला वेडगळ आहे. समजा गाडीच्या वर आकाशात एक हूक आहे आणि डॅम्परचं एक टोक चाकाऐवजी त्या हुकाला बांधलंय. मग चाक खाली काहीही नाचो, डॅम्पर फक्त बॉडीचं हलणं थोपवेल. आकाशात हूक मारता येत नाही हे आपल्यालाही माहीत आहे आणि त्यांनाही होतं. पण खरा डॅम्पर योग्य क्षणी कडक आणि योग्य क्षणी मऊ केला, तर तो बराचसा त्या काल्पनिक डॅम्परसारखा वागतो. ह्यालाच स्कायहूक कंट्रोल म्हणतात.

नियम एका ओळीचा आहे. बॉडीचा स्वतःचा उभा वेग आणि बॉडी-चाक ह्यांच्यातला सापेक्ष वेग ह्यांचा गुणाकार करा. उत्तर धन आलं तर डॅम्पर कडक, ऋण आलं तर मऊ. उदाहरणार्थ, चाक उंचवट्यावर झपकन वर चढलं आणि बॉडी नुकतीच वर निघाली आहे. ह्या वेळी डॅम्पर कडक असेल तर तो बॉडीला आणखी वर ढकलेल. गुणाकार ऋण, म्हणून सोडून दे. उलट, उंचवटा पार झाला, चाक सपाट रस्त्यावर आलं आणि बॉडी धपकन खाली येते आहे. आता डॅम्पर तिला धरू शकतो. गुणाकार धन, म्हणून आवळ. अनुभवी ड्रायव्हर खड्ड्यात चाक उतरताना ब्रेक सोडतो ना, तसंच काहीसं, फक्त सेकंदाला शेकडो वेळा.

मग जुन्या कंट्रोलरचं काय चुकतं? बऱ्याच जुन्या प्रणालींमध्ये कंफर्ट आणि स्पोर्ट असे मोड असतात, आणि आत एक तक्ता: वेग इतका, स्टिअरिंग इतकं, ब्रेक इतका, तर सोलेनॉइड व्हॉल्व्हला करंट इतका. तक्ता बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जर्मनीतला किंवा जपानमधला गुळगुळीत रस्ता असतो. कारखान्यांकडे ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांनी कडा तोडलेला, वर्षभर ठिगळं लावलेला रस्ता त्याने पाहिलेला नसतो. त्यामुळे आपल्याकडे कंफर्टचं बटण दाबूनही फार फरक पडत नाही. चांगला बदली कंट्रोलर बॉडीचं त्वरण बघतो, चाकाची उंची बघतो, डॅम्परचा वेग काढतो आणि त्या त्या वेगाला किती करंट द्यायचा हे आपल्याला बदलू देतो. आराम मिळतो तो इथे, मऊ मोडमध्ये नाही.

वेळेचं गणित बघा. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला १६.७ मीटर जाते. मॅग्नेटोरिऑलॉजिकल द्रवाचे डॅम्पर, जे जनरल मोटर्सने २००२ मध्ये कॅडिलॅक सेव्हिलमध्ये आणि पुढे कॉर्व्हेटमध्ये दिले, साधारण १० मिलिसेकंदात बदलतात. तेवढ्यात गाडी १७ सेंटीमीटर पुढे. व्हॉल्व्ह आणि सॉफ्टवेअर मिळून ४० मिलिसेकंद लागले तर ६७ सेंटीमीटर, म्हणजे ठिगळ संपून गेल्यावर डॅम्पर मऊ होणार! वरातीमागून घोडं. म्हणून नुसता महाग प्रोसेसर घालून उपयोग नाही, सगळी साखळी वेगवान लागते.

आता आमच्या प्रोजेक्टने सगळ्यात जास्त जागरण करायला लावलेला भाग. बॉडीचा स्वतःचा वेग मोजणारा सेन्सर नसतो. त्वरण मोजायचं आणि त्याचं इंटिग्रेशन करायचं. सपाट रस्त्यावर ठीक आहे. पण घाटात ८ टक्क्यांचा चढ लागला की सेन्सर तिरका होतो, गुरुत्वाकर्षण त्याला किंचित कमी दिसतं. किती कमी? ०.०३ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण हे दहा सेकंद इंटिग्रेट करा, ०.३ मीटर प्रति सेकंदाचा खोटा वेग तयार. कंट्रोलरला वाटतं गाडी सारखी खाली पडते आहे, आणि माळशेजच्या अख्ख्या चढावर तो चुकीच्या वेळी डॅम्पर आवळत बसतो. उपाय म्हणजे हाय-पास फिल्टर: अगदी संथ बदल विसरून जा, फक्त बॉडीच्या हेलकाव्यांएवढेच जलद बदल धर. फिल्टर फार कडक लावला तर खरा हेलकावाही पुसला जातो. ही तडजोड ज्याने नीट केली त्याचा कंट्रोलर चांगला, बाकी जाहिरात.

गतिरोधकांवर थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण आपल्या दोन्ही तालुक्यांत त्यांना तोटा नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटीमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरसाठी. (जीवा आणि त्रिज्येवरून उंची काढून बघा, बरोबर १० सेंटीमीटर येते.) २५ च्या स्पीडला ह्याच्या सुरुवातीच्या चढावर चाकाचा उभा वेग येतो सुमारे ०.७६ मीटर प्रति सेकंद. आता गावात रात्रीतून उगवलेला गतिरोधक घ्या, तेवढाच उंच, पण चढ जेमतेम २० सेंटीमीटरचा. त्याच स्पीडला चाकाचा वेग ३.५ च्या आसपास! टायर थोडं दबून त्यातलं काही खाऊन टाकतो हे खरं. तरीही इतक्या वेगाला मऊ डॅम्परही दगडासारखा वागतो आणि सस्पेन्शन रबरी स्टॉपवर आदळतं. इथे कोणताही कंट्रोलर काही करू शकत नाही. गाडी १० वर आणा, एवढंच.

आयआरसीच्या गतिरोधकावर वेगळीच गंमत आहे. तो पार करायला ०.५३ सेकंद लागतात, म्हणजे अंदाजे १.९ हर्ट्झचा धक्का, स्पोर्ट्स कारच्या २.१ च्या अगदी शेजारी. त्यामुळे धक्का बसत नाही पण नंतर गाडी उसळते. ही उसळी मारण्यात मात्र स्कायहूक पटाईत आहे.

आणि पांढऱ्या जाड पट्ट्यांचे रंबलर? समजा दोन पट्ट्यांत ६० सेंटीमीटर अंतर आहे. २७ च्या स्पीडला ते चाकाला १२.५ हर्ट्झने ठोकतात, आणि ४५ किलोचं चाक नेहमीच्या टायरवर साधारण तेवढ्यालाच स्वतःहून नाचतं. बॉडी शांत असते म्हणून स्कायहूक बहुतेक वेळ डॅम्पर मऊ ठेवतो, आणि चाक रस्ता सोडू लागतं. नेमकं तिथेच सगळे ब्रेक दाबतात. म्हणून ब्रेकचा सिग्नल आला की आराम बाजूला ठेवून डॅम्पर कडक करणं हे नव्या कंट्रोलरमध्ये असायलाच हवं. कोणी "एकदम मख्खन" म्हणून सेटिंग विकत असेल तर त्याला पहिला प्रश्न हा विचारावा.

हे सगळं श्रीमंतांचे चोचले वाटत असेल तर थांबा. सेमी-ॲक्टिव्ह डॅम्पर आता आपल्या हायवेवरच्या चाकणपर्यंत आले आहेत. तिथे बनणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ मध्ये, जी नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झाली, ते दिले गेले आहेत. पण मला अस्वस्थ करणारा आकडा दुसराच आहे. मालवाहू व्हॅनची मागची स्प्रिंग ६० हजारांची धरा आणि चाकावर भरलेलं वजन ८०० किलो. वारंवारता १.४ हर्ट्झ, छान आराम. त्याच सांगाड्याची रुग्णवाहिका केली, आत एक पेशंट, एक नातेवाईक, एक डॉक्टर, तर चाकावर समजा ३५० किलो. वारंवारता? २.१. आपल्या स्पोर्ट्स कारचाच आकडा. आहुपे किंवा तळेघरकडून घोडेगावला, तिथून मंचरला येणारी बाळंतीण ह्या २.१ हर्ट्झवर आडवी झोपून येते, आणि तिला टायर, सीट, फोम ह्यांच्या पलीकडे काही आधार नसतो.

आमच्या मॉडेलमध्ये स्पोर्ट्स कारसाठी लिहिलेला कोड एक ओळही न बदलता ह्या व्हॅनच्या चाकावर चालतो. मायक्रोकंट्रोलर आणि ॲक्सिलरोमीटर हजार रुपयांच्या आत येतात, महाग आहे तो व्हॉल्व्ह असलेला डॅम्पर. दुसरी अडचण पाट्यांची. पाटे एकमेकांवर घासतात, आणि छोट्या हादऱ्याला ते घर्षणाने अडकून बसतात, हलतच नाहीत. जे हलतच नाही ते डॅम्परने मऊ कसं करायचं? स्पोर्ट्स कारला कॉइल स्प्रिंग असल्यामुळे हा प्रश्न तिथे आम्हाला भेटलाच नव्हता. पाट्यांमध्ये नायलॉनच्या चकत्या घालून घर्षण किती उतरतं आणि त्यानंतर कंट्रोलरचा किती फायदा दिसतो, एवढं काम शिल्लक आहे. मॉडेलची फाईल आणि कोड डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये ठेवला आहे. पुढच्या बॅचने मागचं एकच चाक घेऊन सुरुवात केली तरी चालेल.