कण्णूरचा बागेतला मुक्काम: तेय्यम की तेल?

केरळात कण्णूरला जाणार असाल तर शहरातलं हॉटेल नको. तोट्टडा किनाऱ्याकडे किंवा आत परश्शिनिक्कडवूच्या बाजूला बाग असलेलं घर शोधा. पोफळीवर चढलेली मिरी, कुंपणाला अडुळसा आणि निर्गुडी, पाहुण्यांसाठी दोन-चार खोल्या. जेवताना पेल्यात गुलाबीसर पाणी आलं तर बिचकू नका. पतंग या झाडाच्या लाकडाची ढलपी घालून उकळलेलं असतं, निवांत प्या.

खरा प्रश्न जायचं कधी हा. तेय्यमचा, म्हणजे नर्तकाच्या अंगात देव येतो त्या विधिनृत्याचा, हंगाम साधारण ऑक्टोबरअखेर ते मे. तेलाच्या आयुर्वेदिक उपचारांचा पारंपरिक महिना मात्र कर्किडकम, म्हणजे जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. एकाच फेरीत दोन्ही पदरात पडतील या भरवशावर तिकीट काढू नका. त्यातल्या त्यात मधला मार्ग म्हणजे परश्शिनिक्कडवूचं मुत्तप्पन मंदिर. वळपट्टणम नदीकाठच्या या देवळात तेय्यम जवळपास वर्षभर होतं, आणि आवारात कुत्री बिनधास्त फिरतात, कारण ती देवाची लाडकी. प्रसादाला चहा आणि उकडलेलं कडधान्य मिळतं.

मला विचाराल तर पहिल्या खेपेला हिवाळाच निवडा. कावूमधलं, म्हणजे देवराईतलं, तेय्यम बहुतेकदा रात्रभर चालतं आणि पहाटे रंगात येतं. घरमालकाला आदल्या दिवशीच विचारून ठेवा. जवळच्या कुठल्या कावूत आज काय आहे हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. तिकीट नाही, खुर्च्या नाहीत. चेहरा रंगवणं चालू असताना लांब उभं राहा. काडीच्या टोकाने डोळ्याभोवती एकेक रेघ ओढली जाते, रंगवणाऱ्याचा श्वासही हलत नाही. तिथे फ्लॅश मारणाऱ्याला लोक हटकतात आणि बरोबरच करतात. नंतर देव रांगेतल्या प्रत्येकाचं गाऱ्हाणं ऐकतो, हातावर हळदीची कुरी, म्हणजे प्रसादाची पूड, ठेवतो. रांगेत उभे राहिलात तर तुमचंही ऐकेल, मल्याळम येवो न येवो.

पैतलमला हा डोंगर (सुमारे १३७० मीटर) चढायचा असेल तर तो तेलाच्या उपचारांआधी उरका. पावसाळ्यात जळवा भरपूर, आणि मुसळधार पावसात वाट बंदही ठेवतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करा. उपचार सुरू झाले की ऊन, गार वारा, दमछाक सगळं वर्ज्य. चढाई करून आलात आणि त्याच संध्याकाळी द्रोणीवर, म्हणजे तेल लावायच्या लाकडी पाटावर, आडवे झालात, हे वैद्याला आवडत नाही.

आता तेलाविषयी. शनिवार-रविवारात पंचकर्म होत नाही; तसं कोणी सांगितलं तर नमस्कार करून निघा. खऱ्या पंचकर्माला दोन-तीन आठवडे हाताशी हवेत. दोन दिवसांत होतं ते अभ्यंग, फार तर शिरोधारा, आणि तेवढ्यानेही अंग मोकळं होतं. आधी वैद्य नाडी आणि रक्तदाब बघतो का, चालू गोळ्या विचारतो का, हे पाहा. बाईला बाई आणि पुरुषाला पुरुष, हा तिथला रिवाज; तो नसेल तर कारण विचारा. तेल मुगाच्या पिठाने उतरवतात, अंघोळीनंतर टाळूवर रास्नादी चूर्ण चोळतात. त्या दिवशी पंखा, एसी, बिअर नको. जुने कपडे न्या. तेलाचे डाग जात नाहीत.

मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेस सरळ कण्णूरला जाते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, ते पाहूनच घरमालकाला पोचण्याची वेळ कळवा.