परावटू ग्रंथींचा अहवाल वाचताना

मानेत थायरॉइडच्या मागे बहुधा चार पॅराथायरॉइड अर्थात परावटू ग्रंथी असतात आणि तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथींतून स्रवणारे पीटीएच हे संप्रेरक रक्तातील कॅल्शियमची पातळी सांभाळते. कॅल्शियम घटले की पीटीएच वाढते, कॅल्शियम वाढले की पीटीएच दबते. त्यामुळे पीटीएचच्या आकड्याला कॅल्शियमच्या जोडीनेच अर्थ येतो. कॅल्शियम वाढलेले असताना पीटीएच ‘नॉर्मल’ मर्यादेत दिसले, तरी जे दबायला हवे होते ते दबलेले नाही, असाच त्याचा अर्थ होतो; अहवालात तो आकडा ठळक छापलेला नाही एवढ्यावरून निर्धास्त होणे योग्य नव्हे. याउलट, कॅल्शियम बेताचे आणि पीटीएच वाढलेले असेल, तर ग्रंथीला दोष देण्याआधी ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडांचे कार्य तपासावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तसे डॉक्टरांना आधी सांगावे, कारण काही चाचणीपद्धतींत बायोटिनमुळे पीटीएच खोटे कमी दिसते.

दोष ग्रंथीतच आढळून ती शस्त्रक्रियेने काढावी लागली, तर ती बहुतेकदा अ‍ॅडेनोमा, म्हणजे कर्करोग नसलेली गाठ असते. कर्करोगाचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दोहोंच्या पेशी पुष्कळदा सारख्याच दिसतात, आणि येथे ऊतीतील सूचक प्रथिने उपयोगी पडतात. सीडीसी७३ या जनुकापासून बनणारे पॅराफायब्रोमिन हे प्रथिन निरोगी पेशींच्या केंद्रकात असते व ते नाहीसे झाल्यास कर्करोगाचा संशय बळावतो. पेशींच्या विभाजनाचा वेग दाखवणारा केआय-६७ निर्देशांक पाच टक्क्यांवर असल्यास हा संशय आणखी वाढतो. तरीही काही कर्करोगांत पॅराफायब्रोमिन टिकून राहते आणि क्वचित साध्या गाठीतही ते हरवते, म्हणून केवळ या प्रथिनांसाठी ऊतीला रंग देऊन केलेल्या चाचण्यांवरून कर्करोगाचा शिक्का मारता येत नाही. गाठीने आसपासच्या ऊतींत, रक्तवाहिन्यांत वा चेतातंतूंत शिरकाव केला आहे काय, किंवा ती अन्यत्र पसरली आहे काय, यावरच निदान ठरते. कर्करोगाचा संशय असल्यास शस्त्रक्रियेपूर्वी गाठीत सुई घालून नमुना घेणेही टाळतात, कारण सुईच्या वाटेने पेशी पसरण्याचा धोका असतो.

पॅराफायब्रोमिन हरवल्याचा अहवाल आल्यास रुग्णाने सीडीसी७३ च्या जनुकीय तपासणीविषयी विचारावे, कारण या जनुकातील दोष आनुवंशिक असू शकतो, त्यातून जबड्यातही गाठी होतात, आणि तो सिद्ध झाल्यास भावंडांची व मुलांचीही तपासणी करावी लागते.