निम्म्या वजनाची होडी दुप्पट वेगाने का पळत नाही?

प्रश्न : माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. ती ऑप्टिमिस्ट चालवते, पण त्या होडीची वयोमर्यादा आता संपत आली. क्लबातले प्रशिक्षक म्हणतात, पुढची होडी लेझर, म्हणजे जिला हल्ली इल्का म्हणतात ती. साउदॅम्प्टनला राहणारा माझा धाकटा भाऊ म्हणतो, ती पन्नास वर्षांपूर्वीची होडी झाली, आता तिच्या निम्म्या वजनाची आरएस एरो आली आहे. निम्मं वजन म्हणजे वेग दुप्पट होतो का? होत असेल, तर ऑलिम्पिकमध्ये जुनीच होडी का? आणि मुलीने काय घ्यावं? तिचं वजन ४८ किलो आहे.
– एक पालक, मुंबई

उत्तर : आधी भावाचं म्हणणं तपासू, कारण वजनाबाबत तो अगदी बरोबर आहे. लेझरचा नुसता सांगाडा, म्हणजे डोलकाठी, शीड, सुकाणू सोडून उरलेली होडी, ५९ किलोंचा. एरोचा ३० किलोंचा. हा आकडा किती विलक्षण आहे ते तुमच्या मुलीला लगेच कळेल. ती ज्या ऑप्टिमिस्टमध्ये बसते तिची लांबी जेमतेम २.३ मीटर, आणि नियमाप्रमाणे तिचा सांगाडा ३५ किलोंपेक्षा हलका असून चालत नाही. एरो ४ मीटर लांब असूनही त्याहून हलकी आहे. फोमचा गाभा, त्यावर काच आणि कार्बनचे धागे, बांधायला इपॉक्सी. डोलकाठीही कार्बनची. कार्बन १९७० साली सामान्य माणसाच्या होडीसाठी उपलब्धच नव्हता.

आता वेग. ब्रिटनमध्ये वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र शर्यतीत उतरतात, आणि प्रत्येक जातीला हजारो शर्यतींच्या निकालांवरून एक आकडा दिलेला असतो. त्याला पोर्ट्‌समथ यार्डस्टिक म्हणतात. आकडा जितका लहान तितकी होडी वेगवान. लेझरचा आकडा ११०० च्या आसपास आहे, आणि साधारण तेवढ्याच शिडाच्या एरो ७ चा त्याहून सुमारे ४० ने कमी. याचा सरळ अर्थ असा : लेझरला जिथे एक तास लागतो तिथे एरो ७ दोन-सव्वादोन मिनिटं आधी पोहोचते. फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास. २९ किलो उतरवले, कार्बन वापरला, आणि हाती आली दोन मिनिटं.

असं का होतं, हेच मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटतं. पहिलं कारण म्हणजे पाण्यावर होडी एकटी नसते. ८० किलोंचा माणूस बसला की लेझरचा सांगाडा अधिक माणूस मिळून १३९ किलो होतात आणि एरोचे ११०. निम्म्याची बात संपली, उरली २१ टक्क्यांची बचत. दुसरं कारण पाण्याचं आहे. साध्या होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाणी ढकलते, त्या ढकलण्याने लाट उठते, आणि वेग वाढेल तशी ती लाट लांब होत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीइतकी झाली की होडी स्वतःच उठवलेल्या दोन लाटशेंड्यांच्या मधल्या खळग्यात अडकते. लेझरसाठी ही मर्यादा पावणेपाच नॉटच्या जवळपास, म्हणजे ताशी नऊ किलोमीटरच्याही आत येते. वाऱ्याच्या उलट दिशेने वर चढताना दोन्ही होड्या बहुतेक वेळ या मर्यादेच्या आतच असतात, आणि ती ठरते लांबीवर. वजन उतरवून ती फारशी हलत नाही. लांबीत तर एरो लेझरपेक्षा वीसेक सेंटिमीटरने कमीच आहे.

हलकेपणाची किंमत वसूल होते ती वारा बाजूने किंवा मागून आला की. तेव्हा होडी आपल्याच लाटेवर चढून पाण्याच्या पृष्ठभागावर घसरायला लागते, ज्याला प्लेनिंग म्हणतात. हलकी होडी कमी वाऱ्यात चढते, झोत आला की झटकन उचलते, आणि झोत गेल्यावरही थोडा वेळ वर टिकते. एरो चालवणारे लोक तिच्याबद्दल ज्या उत्साहाने बोलतात तो या क्षणांमुळे, आणि तो उत्साह खरा आहे. घड्याळातली दोन मिनिटं त्या आनंदाचं माप नव्हे.

उलट बाजूही आहे, आणि जाहिरातीत ती सहसा नसते. वजन म्हणजे साठवलेला वेग. उलटसुलट लाटांमध्ये जड होडी आपल्या जोरावर दोन लाटा कापून जाते, तर हलकी पहिल्याच लाटेला थबकते. टॅक घेताना, म्हणजे वाऱ्यातून नाळ वळवताना, जरा रेंगाळलं तर हलकी होडी मध्येच उभी राहते. वळण जलद आणि मोजून घ्यावं लागतं.

हलक्या म्हणून खपणाऱ्या सगळ्याच नव्या होड्या सारख्या हलक्या नाहीत, हेही लक्षात घ्या. अमेरिकेतल्या मेल्जेस १४ ला कार्बनची डोलकाठी आहे, शीड लेझरपेक्षा बरंच मोठं आहे, पण सांगाडा ५४ किलोंचा, लेझरहून जेमतेम पाच किलोंनी कमी. ती वेगवान आहे ती शिडामुळे. देवोटी कंपनीची डी-झिरो वजनात एरो आणि लेझरच्या मध्ये कुठेतरी बसते, आणि तिचं ८ चौरस मीटरचं शीड भरल्या अंगाच्या माणसासाठी आहे. हलकेपणाचं टोक गाठायचं तर मॉथकडे जावं लागेल. ती पंखांवर पाण्याबाहेर उचलली जाते, आणि मग लाटेचा हा सगळा हिशेबच लागू राहत नाही. पण तो खेळच वेगळा, आणि चौदाव्या वर्षी पहिली मोठी होडी म्हणून मी तो सुचवणार नाही.

लेझरला जुनाट म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. आपल्या काळात तीच हलकी, नवी होडी होती. १९६९ साली इयन ब्रूस या कॅनडातल्या डिझायनरने ब्रूस कर्बीला फोन केला, कारण त्याला मोटारीच्या टपावर मावेल अशी होडी हवी होती. कर्बी नौकानयनाच्या मासिकाचा संपादक होता आणि ऑलिम्पिकमध्येही उतरलेला होता. फोनवर बोलता बोलताच त्याने कागदावर रेघा ओढल्या. एकट्याने चालवायची तेव्हाची ऑलिम्पिक होडी होती फिन, शंभर किलोंहून जड. तिच्यापुढे लेझर पिसासारखी होती. पुढे अशा दोन लाखांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर याच आकड्यात आहे.

पॅरिस २०२४ साठी होडी बदलावी का, हे ठरवायला वर्ल्ड सेलिंग या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने मार्च २०१९ मध्ये स्पेनच्या वलेन्सियात चाचण्या घेतल्या. लेझर, एरो, डी-झिरो आणि मेल्जेस १४ अशा चार होड्या होत्या. परीक्षकांनी शिफारस केली एरोची. मे महिन्यात लंडनला संघटनेच्या परिषदेची बैठक झाली आणि मतदानात लेझरच कायम राहिली. लॉस एंजेलिस २०२८ लाही तीच आहे. मला वाटतं, होडी म्हणून परीक्षकांचा निवाडा योग्य होता आणि खेळ म्हणून परिषदेचा. शंभराहून अधिक देशांत लेझर आहेत, जुन्या आहेत, म्हणून स्वस्तात मिळतात. एका मतदानाने त्या सगळ्या ऑलिम्पिकच्या वाटेवरून बाजूला गेल्या असत्या, आणि त्याचा फटका युरोपातल्या क्लबांपेक्षा आपल्यासारख्या देशांना अधिक बसला असता. भारतातर्फे टोकियोला गेलेले विष्णू सरवणन आणि नेत्रा कुमनन दोघंही लेझरवरच तयार झाले. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत नेहा ठाकूरने मुलींच्या इल्का ४ मध्ये रौप्य मिळवलं, तेही याच सांगाड्यावर.

आता मुलीबद्दल. ४८ किलोंच्या मुलीखाली ५९ किलोंची होडी म्हणजे होडीच तिच्यापेक्षा जड. ८० किलोंच्या माणसाची एरोत २१ टक्के बचत झाली, तिची २७ टक्के होईल. शिवाय किनारा असतोच. ओहोटीला चिखलातून होडी वर ओढायची, उलटली तर सरळ करायची, ट्रॉलीवर चढवायची, ही कामं ३० किलोंची होडी असेल तर ती एकटी करू शकेल. हलक्या होडीचा सर्वांत मोठा फायदा तिच्यासारख्यांनाच, हे मी मनापासून मान्य करतो. साउदॅम्प्टनला तुमची पुतणी असती तर मी एरो ५, म्हणजे लहान शिडाची एरो, घ्या म्हटलं असतं. तिथे ती होडी काढणाऱ्या कंपनीचं गाव जवळ आहे, आणि आसपासच्या क्लबांत तिच्याशी शर्यत करायला इतर एरो भेटतात.

मुंबईत मात्र मी प्रशिक्षकांच्या बाजूने आहे. इल्का ४ घ्या. सांगाडा तोच, शीड ४.७ चौरस मीटरचं. अंग भरलं की डोलकाठीचा खालचा भाग आणि शीड बदलून तिचीच इल्का ६ होते, जी महिलांची ऑलिम्पिक होडी आहे. एकाच जातीच्या वीस होड्यांत सुरुवातीच्या रेषेवर जागा मिळवायला जे शिकायला मिळतं, ते एकट्या वेगवान होडीत मिळत नाही. आणि आपल्याकडे त्या वीस होड्या इल्काच्याच आहेत. वजनाची अडचण किनाऱ्यावर चांगल्या ट्रॉलीने आणि एका मैत्रिणीच्या हाताने सुटते.

जुनी घेणार असाल तर डोलकाठी ज्या भोकात बसते ते आधी तपासा. त्यात काठोकाठ पाणी भरून थोडा वेळ थांबा. पातळी खाली गेली तर पाणी सांगाड्याच्या आत झिरपतंय, ती होडी सोडून द्या. मग डोलकाठीसमोरचा आणि बसायच्या कडांजवळचा डेक तळव्याने दाबून पाहा, कारण जुन्या होड्या तिथेच मऊ पडतात. डोलकाठीचा अॅल्युमिनियमचा वरचा नळा सपाट जमिनीवर गोल फिरवला की वाकलाय की नाही ते दिसतं. तो वाकलेला असला तर बिघडत नाही, नवा घालता येतो, फक्त किंमत ठरवताना तेवढे पैसे कमी करायला सांगा.